अकरा ते पाच

जुन्नरच्या कचेरीच्या आवारात सरकारी जीप शिरली, की दगडूनाना आधी पेनाला टोपण लावत. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत आणि परत डोळ्यांवर चढवत. जीपमधला माणूस त्यांच्याकडे न बघता आत निघून गेला, की त्यांनी सोडलेला श्वास मला शेजारच्या टेबलावर ऐकू येई. त्यांच्यापुढे कोऱ्या कागदांचा दस्ता असे आणि माझ्यापुढे टाइपरायटर. लोकांचे अर्ज ते हाताने लिहून देत, मी टाइप करून देई. पंधरा वर्षं आम्ही असे करंजाच्या एकाच झाडाखाली बसलो. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना विजेची भीती, पोलिसांची भीती, टेलिफोनची तर फारच. फोन आला तर रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरून "कोन बोलतंय, आधी नाव सांगा" म्हणत. पण सगळ्यांत मोठी भीती बिबट्याची. ते राजुरीहून येत. त्या वर्षांत आमच्या भागात ऊस वाढला आणि उसात बिबटे झाले. राजुरीच्या थांब्यापासून नानांच्या वस्तीपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाई. म्हणून चार वाजले की त्यांची आवराआवर सुरू व्हायची. साडेचारला राजुरीची थेट गाडी होती, ती मिळाली तर उजेडात घर गाठता येई. चुकली तर आळेफाट्याला गाडी बदला, तासभर ताटकळा आणि मग अंधारात उसातून चाला. "ताई, माझ्या अंगावर बिबट्याला पुरंल एवढं मांस नाय, पण त्याला ते आधी कसं कळावं?" असं म्हणत ते चार-वीसला पिशवी काखोटीला मारून निघालेले असत. मी त्यांना कधीकधी मुद्दाम बोलण्यात गुंतवायची आणि त्यांची घालमेल बघत बसायची. तेवढी दुष्ट मी तेव्हा होते.

अर्ज लिहिण्याची त्यांची रीत ठरलेली. समोरचा माणूस तावातावाने सांगत असताना ते पेन उघडतच नसत. त्याचं सांगून झालं की म्हणत, "हे झालं भांडण. आता गाऱ्हानं सांगा." मग विषय, मग मुद्दे एक-दोन-तीन, आणि तिसऱ्या मुद्द्यात न चुकता 'अर्जदाराचा सदर बाबीशी संबंध'. "तुमचा काय संबंध, एवढ्या एका प्रश्नावर निम्मे अर्ज मरत्यात," असं त्यांचं म्हणणं. शेवटी अर्जदाराची सही, आणि त्याच्याखाली त्यांची स्वतःची ओळ: 'लिहिणार, दगडू गेनू शिंदे, मु. पो. राजुरी.' आवारातले बाकीचे अर्ज लिहिणारे आपलं नाव कधी घालत नसत. उगाच कशाला लफडं? नाना मात्र घालत. तीन प्रती काढत आणि तिसरी स्वतःच्या ट्रंकेत ठेवत.

एकदा मढ गावाकडची एक बाई आली होती. गावातल्या एका वजनदार माणसाने सरकारी हातपंप आपल्या अंगणात घेतला होता आणि तिला पाण्याला येऊ देत नव्हता. अर्ज लिहून झाला, पण अंगठा द्यायची वेळ आली तशी ती हात पदरात घेऊन बसली. "आमी भेतो, नाना." नाना म्हणाले, "मी बी भेतो. भ्यायचं तेवढं भ्यावं माणसानं, पन खाली नाव घालावं. बिननावाचा कागद कुनी वाचत नाय." तिने अंगठा दिला. आठ दिवसांनी तो वजनदार माणूस बुलेटवरून आवारात आला आणि ओरडला, "कुनी लिवला रं हा अर्ज?" नानांनी पेनाला टोपण लावलं. पण ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी लिवला. खाली नाव हाय." तो शिव्या देऊन निघून गेला. त्यानंतर दोन आठवडे नाना कचेरीत मागच्या दाराने येत होते. हातपंप मात्र मोकळा झाला.

कचेरीसमोर लतीफभाईंचं कागदाचं दुकान होतं. त्यांच्या घराण्यात पूर्वी हाताने कागद बनवत, आता ते दस्ते, वह्या, पाकिटं विकत आणि बाइंडिंग करत. आजोबांच्या हातचे शंभरेक ताव त्यांनी कापडात बांधून फळीवर ठेवले होते. ते विकायचे नव्हते. लतीफभाई आणि नाना दुपारची भाकरी एकत्र खात. लतीफभाईंचा मुलगा समीर नानांच्या डोळ्यांसमोर वाढला. त्याच्या शाळेच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंतचे सगळे अर्ज नानांनी लिहिलेले. तो पुण्यात इंजिनिअर झाला आणि त्याच्या कंपनीने त्याला अमेरिकेत पाठवलं, तेव्हा पेढे वाटायला लतीफभाईंच्या आधी नाना उठले होते.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. अमेरिकेच्या अध्यक्षाने युद्ध सुरू केलं. लतीफभाईंच्या दुकानातल्या टीव्हीवर एका शहरावर बॉम्ब पडताना दिसत आणि आवारातले पन्नासेक लोक उभ्याने बघत. आमचं आवार तोवर साधं होतं, जुन्नरचं राजकारण सोडून कशावर भांडत नव्हतं. त्या वर्षी चहाचे दोन कट्टे झाले. एका कट्ट्यावर "असाच खमक्या मानूस पायजे" म्हणणारे, दुसऱ्यावर त्याला शिव्या घालणारे. एकदा पहिल्या कट्ट्यावरच्या कुणीतरी हसत हसत लतीफभाईंना विचारलं, "तुमचा पोरगा तिकडं नक्की काय करतो, राव?" कुणीच त्याला गप्प केलं नाही. मीही नाही. लतीफभाई कागद मोजत राहिले.

समीरचा फोन दर रविवारी यायचा. सुरुवातीला तो तिकडच्या गोष्टी सांगे. तिथेही लोक असेच दोन झालेत. लाखो माणसं रस्त्यावर उतरून आपल्याच अध्यक्षाविरुद्ध ओरडताहेत. त्याची घरमालकीण सत्तरीची विधवा होती. तिने अंगणात 'युद्ध नको' अशी पाटी लावली तर ती कुणीतरी मोडून टाकली आणि चाळीस वर्षांच्या शेजारणीने बोलणं बंद केलं. तरी ती दर सोमवारी अध्यक्षाला पत्र लिही आणि दर वेळी तिला एकच छापील उत्तर येई. मग हळूहळू समीरचा आवाज बदलला. त्याच्यासारख्या नावाच्या पोरांना बोलावून बोटांचे ठसे घेतात म्हणाला. एका रविवारी लतीफभाईंनी अध्यक्षाचं नाव घेतलं तसा तो एकदम म्हणाला, "अब्बा, फोनवर त्याचं नाव नको." त्या दिवसापासून लतीफभाई जुन्नरच्या बाजारपेठेतसुद्धा त्याला 'तो' म्हणू लागले, तेही आवाज खाली आणून.

नानांच्या डोक्यात मात्र त्या म्हातारीची पत्रं बसली. "म्हंजे तिकडं बी अर्ज करत्यात! आन् पोच देत्यात, छापील का असंना." चहावाला गमतीत म्हणाला, "मग तुमी बी लिवा की एक." सगळे हसले, नाना हसले नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग मला म्हणाले, "ताई, या बाबतीत सक्षम अधिकारी तोच हाय."

अर्ज मराठीत त्यांनी लिहिला आणि इंग्रजी मी केलं, मॅट्रिकच्या आणि टायपिंगच्या परीक्षेच्या भांडवलावर. 'विषय: युद्ध थांबविणेबाबत.' पहिला मुद्दा, बॉम्ब बायकापोरांवर पडत आहेत. दुसरा, सदर युद्धामुळे आपल्या व आमच्या दोन्ही ठिकाणी माणसांत फूट पडली आहे. तिसरा मुद्दा आला आणि नाना अडले. आमचा संबंध काय? जुन्नर कुठे, अमेरिका कुठे! संबंध दाखवला नाही तर अर्ज दप्तरी दाखल होणार हे त्यांना पक्कं माहीत. लतीफभाई म्हणाले, "माझा पोरगा तिथं ऱ्हातो, तिथं ट्याक्स भरतो. याच्यापरीस संबंध काय पायजे?" आणि त्यांनी खिशातल्या डायरीतून पत्ता वाचून दाखवला. घर नंबर, रस्ता, गाव, पिनकोड. 'अर्जदारांपैकी एकाचा मुलगा पुढील पत्त्यावर राहतो' असं म्हणून तो मी माझ्या या बोटांनी टाइप केला. लतीफभाईंनी फळीवरून आजोबांचा एक ताव काढून दिला होता. त्या जाड कागदावर टाइपरायटरची अक्षरं खोल उमटली. वर पाच रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट नानांनी स्वतः चिकटवलं. तेवीस सह्या झाल्या आणि दोन अंगठे. सगळ्यांत खाली 'लिहिणार'. रजिस्टर पोचपावतीने तो गेला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकत्र चहा घेतला. मला अभिमान वाटला होता, हे खोटं कशाला बोलू?

दोन महिन्यांनी एका रविवारी समीरचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून त्याच्या मित्राने कळवलं, समीरला कुठल्याशा ऑफिसात चौकशीला बोलावलं होतं, त्यानंतर तो खोलीवर नाही.

नाना तेव्हा भाकरी खात होते. घास तसाच हातात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई," ते म्हणाले, "तो पत्ता." एवढंच. त्यांनी ट्रंक उघडून तिसरी प्रत काढली, आणि तिथे तो होता. घर नंबर, रस्ता, गाव, पिनकोड. ज्या पोराने बापाला फोनवर नाव घेऊ दिलं नाही, त्याचा पत्ता आम्ही टाइप करून, तिकीट लावून, पोचपावतीने पाठवला होता.

आवारात बातमी पसरली. सही केलेले एकेक जण येऊन कुजबुजू लागले. आळेफाट्याचा गॅरेजवाला गाडी घेऊन खास आला. "नाना, माझी सही काढता यील का? माझा मेव्हना दुबईला जायचाय." दुसरा म्हणाला, ती प्रत जाळून टाका. लतीफभाई दुकान उघडत, पण टीव्ही लावत नसत. त्यांनी नानांना एका शब्दानेही बोल लावला नाही. एकदाच म्हणाले, "पत्ता मी दिला व्हता, नाना." नानांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं. ते जेवेनात. जीप आली की टोपण लावायचंही भान राहत नसे, नुसते बघत बसत. मी रोज घरी जाताना मागे वळून बघत असे, माझ्या पाठीमागे कोण येणार होतं कुणास ठाऊक.

पाचव्या आठवड्यात नानांनी दुसरा अर्ज लिहिला. मी विरोध केला. "नाना, पहिल्या कागदाने झालं तेवढं पुरे. आता गप्प बसा." ते म्हणाले, "पोरगं तिकडं एकटं हाय. हिकडं कुनीतरी 'मी केलं' म्हनाया नको?" अर्ज छोटा होता. 'सदर पहिला अर्ज मी लिहिला. त्यात श्री. समीर यांचा पत्ता मी घातला. त्यांना त्याची कल्पना नव्हती. मी त्यांना जन्मापासून ओळखतो, ते सरळ मनुष्य आहेत. यास्तव जी चौकशी करणे असेल ती माझी करावी. मी कामाच्या सर्व दिवशी सकाळी अकरा ते सायंकाळी पाच जुन्नर कचेरीच्या आवारात करंजाच्या झाडाखाली समक्ष उपलब्ध असतो.' टाइप करताना मी म्हटलं, "पाच? तुम्ही तर चारला पळता." "हाफिसची वेळ पाच हाय," ते म्हणाले. "पाचच लिवा."

पोस्टात पाकिटावर 'पाठवणार' म्हणून नाव घालायचं होतं. त्यांनी दोन पाकिटं खराब केली. मी म्हटलं, द्या, मी लिहिते. त्यांनी दिलं नाही.

आणि त्या दिवशी त्यांनी साडेचारची गाडी सोडली. मला वाटलं, चुकली. दुसऱ्या दिवशीही सोडली. तिसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाले, "लेखी दिलंय, ताई. ते आले आन् मी नसलो तर अर्ज खोटा पडंल. पोरावर शेकंल." तेव्हापासून नाना रोज पाचपर्यंत बसत. पाचचा टोला पडला की उठत आणि आळेफाट्याला गाडी बदलून अंधारात उसातून घरी जात. हातात एक घुंगरू लावलेली काठी आणि तोंडाने मोठ्याने हरिपाठ. त्यांच्या शेजारची वासरं बिबट्याने दोनदा नेली. सकाळी ते आले, की मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकायची.

महिना-दीड महिन्याने समीरचा फोन आला. "मी बरा आहे. काही विचारू नका." लतीफभाई रस्ता ओलांडून धावत आले आणि त्यांनी नानांना मिठी मारली. दोघेही रडले. मग नाना डोळे पुसून मला म्हणाले, "म्हंजे दुसरा कागद पोचला. पोरगं सुटलं. आता माझी चौकशी लागनार." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि भीतीही होती, दोन्ही एकदम. ती भीती पुढे कधी उतरली नाही.

दीड वर्षाने समीर कायमचा परत आला. वाळला होता. पुण्यातल्या एका कॉलेजात नोकरीसाठी अर्ज टाइप करून घ्यायला तो माझ्याकडे आला, नाना चहाला गेले होते तेव्हा. कुणाला न सांगितलेलं त्याने मला सांगितलं, कदाचित तो पत्ता मी टाइप केला होता म्हणून. पहिल्या वेळी चौकशीच्या साहेबाने त्याच्यापुढे तो जाड कागद ठेवला आणि विचारलं, ही माणसं कोण? "मावशी, माझी जीभच वळेना. अब्बांची सही समोर दिसत होती. मी म्हणालो, मी यातल्या कुणालाही ओळखत नाही." त्यांनी त्याला सोडलं. घरमालकिणीने भीतीने खोली सोडायला लावली, त्या पत्रं लिहिणाऱ्या म्हातारीने. तो मित्राकडे लपून राहिला, फोनही केला नाही. सगळं निवेल असं वाटत होतं. मग त्यांनी पुन्हा बोलावलं. आता टेबलावर दुसरा कागद होता. 'मी त्यांना जन्मापासून ओळखतो.' साहेब म्हणाला, तू आमच्याशी खोटं बोललास. त्याला अकरा दिवस आत ठेवलं. मग सोडलं, पण प्रकरण वर्षभर चाललं आणि शेवटी व्हिसा गेला, नोकरी गेली.

समीर म्हणाला, "नानांना कधी सांगू नका. त्यांनी माझ्यासाठी नाव घातलं. मी त्यांचं नाव घेतलं नाही." तेवढ्यात नाना आले. समीर वाकून पाया पडला. नानांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "माझ्याबद्दल काय इचारत व्हते का?" समीर म्हणाला, "चांगलं विचारत होते, नाना."

मी नानांना ते कधी सांगितलं नाही. पण नाना रोज पाचपर्यंत बसत होते, रोज उसातून जात होते, आणि ते मला बघवेना. एकदा म्हटलं, "नाना, ते प्रकरण मिटलं. आता साडेचारच्या गाडीने जात जा." ते म्हणाले, "मिटल्याचं लेखी हाय का?" दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ते नसताना, मी मशीनला कागद लावला आणि इंग्रजीत टाइप करायला लागले: आपली चौकशी बंद करण्यात आली आहे. दोन ओळी झाल्या. खाली नाव कुणाचं घालायचं? नाना सगळ्यांत आधी तेच बघणार. माझी बोटं थांबली. मी कागद काढला आणि फाडून टाकला.

पुढे आवारात कॉम्प्युटर आले, माझं काम आटलं आणि मी मंचरला मुलीकडे राहायला गेले. टेबल उचलून नेलं त्या दिवशी निघताना मी फाटकापाशी वळून पाहिलं. आवार रिकामं होतं. समोर लतीफभाई दुकानाची फळी लावत होते. नाना झाडाखाली एकटेच, समोर कागद नाही, माणूस नाही. तेवढ्यात माझ्या शेजारून एक सरकारी जीप आत गेली. वनखात्याची होती, मागे बिबट्याचा रिकामा पिंजरा खडखडत होता. ती थेट झाडापर्यंत जाऊन थांबली.

नानांनी पेनाला टोपण लावलं. चष्मा पुसला, घातला. मग ट्रंकेतून त्या दोन्ही अर्जांच्या प्रती काढून छातीशी धरल्या आणि ते उभे राहिले, सदऱ्याचं वरचं बटण लावून. मला वाटलं ओरडून सांगावं, पण काय सांगणार होते मी? ड्रायव्हर उतरला, नानांना काहीतरी विचारलं. नानांनी चहाच्या टपरीकडे हात केला. तो तिकडे गेला.

नाना काही वेळ तसेच उभे राहिले. मग खाली बसले, प्रती गुडघ्यावर ठेवल्या आणि त्यांनी कचेरीच्या घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाचला वीस मिनिटं कमी होती. राजुरीची थेट गाडी निघून गेली होती.